तळघरातली दहा पिल्लं

तळघराच्या खिडकीबाहेरच्या खड्ड्यात लारिसाला दहा पिल्लं सापडली. पेन्सिलीएवढी, पाठीवर पिवळा पट्टा. सापच ते, पण बिनविषारी. इथे कॅनडातल्या मॅनिटोबात त्यांना कोणी भीत नाही. तिची सासू स्टेफानिया काठी टेकत आली आणि हळहळली, "आईविना आहेत गं. जरा मोठी होईपर्यंत सांभाळ."

लारिसा शहरातली. नवरा मायरन विनिपेगला, खोली घेऊन तिची वाट बघत होता. सासूच्या शेतातले बटाटे काढून झाले की ती त्याच्याकडे निघणार होती. बटाटे निघाले, लारिसा नाही. पिल्लं एका टबात ठेवली होती; रोज गांडुळं खणायची, बारीक चिरायची, भरवायची. पिल्लं चावत आणि वर हातावर घाण सोडत. उपकाराची फेड म्हणतात ती हीच. तरी तिला त्यांचा लळा लागला.

ऑक्टोबरात शेजारचा ओरेस्ट लाकडं टाकायला आला आणि टब बघून पोट धरून हसला. यांना कसली आई? जन्मतात त्याच दिवशी आपापल्या वाटेने जातात, तो म्हणाला. खड्ड्यातून उचलून गवतात सोडायची, एवढंच काम होतं. आता जमीन गोठली. बाहेर काढली तर मरतील, चुलीजवळ ठेवली तरी मरतील. हिवाळाभर थंडीत झोपतात ही; मे महिन्यापर्यंत थंड तळघरात ठेवून कोणीतरी रोज बघायला हवं.

आणि तळघराच्या पायऱ्या सासूला उतरवत नव्हत्या.

लारिसा स्वयंपाकघरात गेली. सासू, जिला ती इथल्या रीतीने 'मामो' म्हणजे आई म्हणायची, बीट सोलत होती.

"मामो, तुमचा जन्म इथला. तुम्हाला माहीत नव्हतं?"

"होतं."

सुरी थांबली नाही. लारिसाला असा संताप आला की तिने टब उचलला आणि दार सताड उघडलं. बर्फाचा वारा आत घुसला. एक पिल्लू तिच्या बोटाला वेटोळं घालून बसलं, हलेचना. ती उंबऱ्यात उभी राहिली, बराच वेळ. मग रडत रडत तिने दार लावून घेतलं.

"म्हणूनच तुझ्याकडे दिली," सासू खालच्या मानेने म्हणाली. "यांना मरायला सोडून जाणं तुझ्याच्यानं व्हायचं नाही, मला ठाऊक होतं."