बट्टी जागेवर

वैजूनं ओढणी कमरेला अशी काही करकचून बांधली, की बघणाऱ्याला वाटावं आता ही स्वयंपाकघरात खो घ्यायला बसणार.

कारणही तसंच होतं. नववीतली वैजू शाळेच्या खो-खोच्या टीमची कॅप्टन झाली होती आणि टीम नाशिकला स्पर्धेला निघाली होती. नाना, म्हणजे तिचे वडील, हो म्हणायच्या बेतातच होते. तेवढ्यात धुळ्याहून एस.टी.नं केसरबाई फुई येऊन थडकल्या. फुई म्हणजे नानांची मोठी बहीण. त्यांच्या शब्दापुढे नाना ऑफिसात साहेबापुढे उभे राहतात, त्याहून सरळ उभे राहायचे.

"जिले चूल समायता येत नही, ती नाशिकले जाईसन काय करी?" फुई म्हणाल्या.

वैजूची जीभ पायांपेक्षा वेगानं पळायची. "फुई, रविवारी हेमूचा वाढदिवस आहे ना? वरण-बट्टीचा सगळा बेत मी एकटी करते. आई दाराबाहेर ओट्यावर बसून राहील. मग तर झालं?"

"बठ्ठी पंगत एकलीनी उठाडी दखाड. मंग जाय!"

झालं. सगळ्या पंगतीची जबाबदारी अंगावर घेऊन बसली बाईसाहेब! नानांच्या ऑफिसातली मंडळी, त्यांच्या बायका, शिवाय धाकट्या भावाच्या, हेमूच्या बालवाडीतलं निम्मं जळगाव.

रविवारी सकाळी फुईंनी खरोखरच आईला ओट्यावर खुर्ची टाकून दिली. "कला, उठानं नही." आई बिचारी नुसती खोकत होती. मीठ विसरलं की एकदा, ओवा विसरला की दोनदा. फुईंनी तिला आल्याचा तुकडा चघळायला आणून दिला आणि तो रस्ताही बंद झाला.

पण वैजू भारीच निघाली. तुरीचं वरण असं घोटलं की पळी उभी राहावी. वांग्याची भाजी ठेचा घालून गदगदत होती. गव्हाच्या जाडसर पिठात मक्याचं पीठ, हळद, ओवा आणि तेलाचं मोहन घालून तिनं परातभर कणीक मळली. निम्म्या कणकेच्या बट्ट्या वळून मोठ्या पातेल्यात उकळत्या पाण्यात सोडल्या. त्या उकडल्या की कापायच्या, तळायच्या, वर तूप, आणि फुईंचं तोंड बंद!

मोरीत फुई हेमूला आंघोळ घालत होत्या. पाच वर्षांचा हेमू म्हणजे ओल्या साबणासारखा. हातात धरला म्हणेपर्यंत निसटलेला. टॉवेल गुंडाळून तो सटकायला लागला, तेव्हा फुईंनी त्याच्या हातात काहीतरी कोंबलं.

"हेमू, ही बट्टी जागावर ठेई ये रे भाऊ."

आता घरात साबणाला सगळे साबण म्हणायचे. बट्टी म्हणायच्या फक्त फुई, धुळ्याच्या सवयीनं. हेमूला मात्र सकाळपासून एकच बट्टी ठाऊक होती आणि तिची जागाही. त्यानं ती बघितलीच होती. वैजू अंगणात पत्रावळी पुसत होती. हेमू स्टुलावर चढला आणि मोठ्या जबाबदारीनं त्यानं ती लालभडक बट्टी आपल्या भावंडांत सोडून दिली. डुबुक!

वैजू आत आली, तर पातेल्याच्या तोंडावर पांढरा ढग. ढग फुगला, झाकण उचललं, चुलीवर ओघळला, चूल विझली, तरी हा येतोच आहे! आणि वास? सरकारी दवाखान्यात पुरणपोळी केली तर येईल तसा.

"आई गं! अगं आई!"

आईनं ओट्यावरून विचारलं, "सोडा किती टाकला?"

"टाकलाच नाही!"

फुई पदर सावरत आल्या आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "दखं? म्हनीसन मी म्हनत व्हतू. नाशिक राहू दे आते."

वैजूच्या डोळ्यांत पाणी आलं. फाटकाशी पाहुण्यांची पहिली स्कूटर थांबलेली, मोठं पातेलं एकच, आणि नाशिक त्या फेसासारखं डोळ्यांदेखत विरत चाललेलं.

तेवढ्यात टॉवेलातला हेमू अभिमानानं म्हणाला, "मीपण एक टाकली! फुईनं दिली होती. लाल बट्टी."

सगळ्यांनी वळून पातेल्याकडे पाहिलं. ते अजून फसफसत होतं.

"मी साबणनी बट्टी सांगी व्हती!" फुई म्हणाल्या.

"नाही, नुसतं बट्टी म्हणाली तू. जागेवर ठेव म्हणाली."

ओट्यावरून आईला खरा खोकला आला. बराच वेळ थांबेना.

वैजूनं डोळे पुसले. कॅप्टन होती ती, गडी बाद झाला म्हणून डाव सोडतात का? फडकी घेऊन पातेलं तसंच उचललं आणि दूर अंगणाच्या कोपऱ्यात नेऊन गार पाणी ओतलं. पपईच्या पानांची पोकळ देठं तोडून पोरांच्या हातात दिली. "फुंका रे फुगे! प्यायचं नाही हं कुणी!" बालवाडी त्या फेसावर तुटून पडली.

मग तिनं चूल पुन्हा पेटवली, वरणात पाणी वाढवून उकळी आणली. परातीत उरलेल्या कणकेच्या लहान गोळ्या चपट्या करून, बोटानं मधे खळगा पाडून भराभर वरणात सोडल्या. वरून लसणाची चरचरीत फोडणी. वरणफळं!

पंगत बसली. दुसऱ्यांदा वाढून घेताना नानांच्या साहेबांच्या बायकोनं विचारलंच, "पण बट्ट्या होत्या ना हो आज?"

वैजूचा हात पळीसकट हवेत थांबला. आता सगळं फुईंच्या हातात. फुईंनी अंगणात पाहिलं. उघडाबंब हेमू आपल्यापेक्षा मोठा फुगा फुगवत होता.

"मीच बेत बदलायला सांगितला," पाहुण्यांसमोर फुई एकदम शुद्ध मराठीत आल्या. "बट्टी काय, रोजचीच आहे."

"मग फुई, नाशिक?" वैजूनं तिथल्या तिथे खो दिला.

फुईंनी तिच्याकडे रोखून पाहिलं आणि ताट पुढे सरकवलं. "आजून वाढ. आनि जाय व माय, जिकीसन ये."

नाशिकला निघायच्या दिवशी आईनं वाटेसाठी तळलेल्या बट्ट्या केल्या. फुईंनी हेमूला हाक मारली, "हेमू, वैजूना बॅगमा बट्टी ठेव रे."

हेमू आता शहाणा झाला होता. "कोणती? खायची का अंगाला लावायची?"

"दोन्ही!"

त्यानं ठेवल्या. दोन्ही. एकाच फडक्यात.