नाव दाखवू नका

बाबा गेल्यावर दादाने घरातला वायफायचा जुना डबा बदलून नवा, वेगवान आणला. आईला व्हिडिओ कॉल नीट दिसावा, एवढाच त्याचा हेतू. जुना डबा कंपनीचा माणूस घेऊन गेला आणि त्या दिवसापासून स्वयंपाकघरातला स्पीकर मुका झाला.

त्या स्पीकरवर रोज दिवेलागणीला बाबांचा आवाज यायचा. आईच्या रक्तदाबाच्या गोळीची आठवण त्यांनीच स्वतःच्या आवाजात भरून ठेवली होती. स्पीकरला ना पडदा, ना बटणं. त्याची सूत्रं बाबांच्या फोनमध्ये, आणि तो फोन उघडायचा कसा हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

मी आले तेव्हा गोळ्यांचं पाकीट जसंच्या तसं होतं.

"अगं, घेत का नाहीस?"

"विचारलंच नाही कोणी."

वाट एकच होती. नव्या डब्याने जुन्याचं सोंग घ्यायचं. तेच नाव, तोच पासवर्ड दिला की स्पीकर आपण होऊन जोडला गेला असता.

"नाव काय होतं गं? फोनवर कधी दिसलंच नाही."

"कसं दिसेल? वरच्या मजल्यावरच्यांनी एकदा फुकट वापरलं, तेव्हापासून हे ताकही फुंकून प्यायचे. 'रिकामी खोली' असं नाव ठेवलं. वर ते लपवलंही."

"रिकाम्या खोलीला कुलूप!"

"मीही तेच म्हटलं होतं." आईच्या ओठांची कड जराशी हलली.

लॅपटॉपवर डब्याचं पान उघडून मी नाव लिहिलं. "आता नाही लपवलं तरी चालेल, आई."

"त्यांनी लपवलं होतं. लपव."

'नाव दाखवा' समोरची खूण मी काढली. "पासवर्ड?"

आईने लॅपटॉप स्वतःकडे ओढला. मग म्हणाली, "तू तिकडे तोंड कर."

"मी काय परकी आहे?"

"सगळंच लेकीला सांगायचं नसतं."

मी ओट्याकडे वळले. बाबांचे हात थरथरायला लागल्यापासून टाइप तीच करायची, एका बोटाने. पाठीमागे बराच वेळ टकटक चालली होती. वळले तेव्हा चौकटीत नुसते ठिपके होते. शेजारी डोळ्याचं चिन्ह. दाबलं असतं तर सगळं दिसलं असतं. मी दाबलं नाही.

तरी स्पीकर जोडला जाईना. मग लक्षात आलं, नव्या डब्यातली सुरक्षेची पद्धत त्या जुन्या जिवाला झेपत नव्हती. मी आधीची, जरा कच्ची पद्धत निवडली. स्पीकरचा दिवा लुकलुकला आणि स्थिर झाला.

दिवेलागणीला आवाज आला.

"गोळी घेतलीस का गं?" आणि त्याच्यामागे, लांबून, आईचं हसू: "अहो, मी इथेच तर बसलेय!"

इतकी वर्षं मी तो शेवटपर्यंत ऐकलाच नव्हता.

आई त्याच खुर्चीत बसली होती. त्या वाक्याला तिचे नुसते ओठ हलले. मग तिने गोळी घेतली, पाणी प्यायली आणि स्पीकरकडे बघत म्हणाली, "घेतली हं."

तो आता उद्या संध्याकाळपर्यंत काही बोलणार नव्हता.