हिरव्या दिव्याची वायर

दिवेबाबांचा दिवा अखेर सर्वांदेखत लाल झाला आणि बाबांचं पितळ उघडं पडलं. पण असं काही घडलंच नाही, असं आपण तूर्त धरून चालू. ऑफिसातही तसंच धरून चालतात.

तर, रोज सकाळी चाचणीयंत्रासमोर हात जोडायला गर्दी. औषधांच्या दुकानांत पाकिटांवर डोसाची लेबलं छापणारं सॉफ्टवेअर ही कंपनी करायची. त्यातले निम्मे भाग बाहेरून उसने आणलेले, आणि त्यांचे मालक ते वाटेल तेव्हा बदलायचे. म्हणून यंत्रानं रोज नवे भाग ओढून घ्यायचे, सगळं तपासायचं आणि काही मोडलं असेल तर लाल दिवा लावायचा, अशी सोय होती. पूर्वी तो सारखा लाल व्हायचा, कामं अडायची. मुख्य इंजिनियरांनी यंत्र ताब्यात घेतलं आणि दिवा अखंड हिरवा झाला. तेव्हापासून ते दिवेबाबा.

"यंत्राला माया लागते," बाबा डोळे मिटून सांगायचे. "मी फक्त हात ठेवतो."

साहेब मान डोलवायचे. त्यांची मान तशी डोलायलाच बसवलेली होती.

हात जोडत नसे ती फक्त चाचण्या लिहिणारी मुलगी. तिला सगळे शंकासूर म्हणत.

एका सकाळी तिचे वडील घरात चालता चालता भिंत धरून खाली बसले. रक्तदाबाच्या गोळीच्या नव्या पाकिटावर छापलं होतं : एक.

"अण्णा, डॉक्टरांनी अर्धी सांगितली होती ना?"

"छापील आहे गं ते. छापलेलं चुकेल होय?"

ऑफिसात दिवा हिरवागार. अर्ध्या गोळीची चाचणी तर तिनं स्वतः लिहिलेली. म्हणजे पाकीट तरी खोटं, नाहीतर दिवा. पाकीट तिच्या हातात होतं.

तिनं नवी चाचणी लिहून यंत्राकडे पाठवली : अर्ध्या गोळीच्या लेबलावर 'हत्ती' छापून आलं, तरच पास.

दिवा हिरवा.

"हत्तीसुद्धा पास झाला," ती म्हणाली.

"कृपा आहे," बाबा म्हणाले.

"जो मास्तर कुणालाच नापास करत नाही, त्याची ती कृपा नसते, त्याला झोप लागलेली असते."

ती वाकली. यंत्राची नेटवर्कची वायर कपाटामागे नीट गुंडाळून, रबर लावून ठेवली होती. बाहेरचं काही आत येतच नव्हतं, तिचा हत्तीसुद्धा नाही. यंत्र रोज त्याच जुन्या भागांना पास करत बसलं होतं. दुकानांत मात्र नवे भाग पोचले होते, आणि त्यातला एक अर्ध्याचा एक करत होता.

तिनं हत्तीची चाचणी मागे घेतली आणि वायर भिंतीत खोचली. थोड्याच वेळात दिवा लाल.

"हिनं दिवा बिघडवला," बाबा म्हणाले. साहेबांनी मान डोलावली.

तिनं आधी दुकानांना फोन करून लेबलं थांबवली, मग सगळ्यांकडे वळली. "लाल दिवा हा शाप नव्हे. कुणाचे तरी अण्णा खाली बसायच्या आत आलेला निरोप आहे तो. हात जोडायचे थांबवा, वायर जोडा."

दुपारी तिनं अर्ज दिला :

'सविनय विनंती की, दिव्यास नमस्कार करण्यापूर्वी प्रत्येकाने वाकून वायर भिंतीपर्यंत जाते काय, हे पाहावे. पदामुळे ज्यांना वाकणे शक्य नाही, त्यांच्या मानेस आडवे हलण्याची सोय कार्यालयीन खर्चाने तातडीने करून मिळावी.'