हाक मारील त्याला बॉल

हे तुम्हाला पटणार नाही. आजवर कोणाला पटलेलं नाही आणि सांगणाऱ्यानं ते कधी मनाला लावून घेतलं नाही. उरणची बस यायला अर्धा तास आहे, थांब्याला सावली आहे आणि तुम्ही चौघे परगावचे, म्हणून सांगायला हरकत नाही. गावच्या माणसाला ही गोष्ट सांगता येत नाही. बाकाच्या त्या टोकाला शेवग्याच्या शेंगांची टोपली घेऊन कोण बसलंय तिकडे बघू नका. तिकडे कोणीच बघत नाही. इकडे बघा, रस्त्यापलीकडे, त्या गंजक्या कंटेनरवर. फाटका फलक दिसतो ना? अर्धा चेहरा, आठ नंबरची जर्सी. ती प्राप्ती. बुधाजीची पोरगी. मधल्या फळीत खेळते, पगार घेऊन खेळते. हिच्यासारखी बॉल हिसकावणारी पोर देशात दुसरी नाही, असं तिच्या क्लबाचे लोक म्हणतात. हिसकावायला तिला कोणी शिकवलं ते मात्र त्यांना ठाऊक नाही. या गावानं शिकवलं.

प्राप्ती बारा वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. मार्चमधली साधी सकाळ. बुधाजी आणि त्याचा जोडीदार अंबाजी मिठागरात फावड्यानं मीठ ओढत होते. अंबाजी म्हणजे गावातला एकच धड माणूस. उंच, देखणा, वाणी गोड. दोघांची जोडी लहानपणापासूनची. संध्याकाळचा चहा अंबाजी बुधाजीच्याच ओट्यावर प्यायचा, कमळवहिनीच्या हातचा. बाजूच्या पडीक कोंडीत, जिथं मीठ पिकणं बंद झालं होतं, तिथं पोरं फुटबॉल खेळायची. जमीन अशी सपाट आणि कडक, की टाच आपटली तर पलीकडच्या बंदरात ऐकू जावी. त्या दिवशी प्राप्तीनं असा फटका मारला की बॉल बांध ओलांडून, खाडी ओलांडून, सुटत्या जहाजावरच्या उघड्या कंटेनरात जाऊन पडला. दुबईला गेला. दोन महिन्यांनी परत आला, कस्टमचा शिक्का मारून.

हसा. शिक्का सांगणाऱ्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलाय.

तर त्याच कोंडीत वर्षातून एकदा गावदेवीची पालखी टेकायची. प्राप्तीला न्हाण आलं हे गावात कळलं, आणि आठवड्यात गावकीची बैठक बसली. गावकी म्हणजे पंच. पंच म्हणजे परेशशेठ. त्याचे चाळीस ट्रेलर बंदराच्या रस्त्यावर धावतात, त्यामुळे त्याचं बोलणं पंचांना लवकर पटतं.

"बुधाजी," परेशशेठ म्हणाला, "पोरगी आता मोठी झाली. जिथं पालखी टेकते तिथं तिनं लाथा मारायच्या, ह्ये बरं दिसतं का?"

"शेठ, देवी कोन हाय?" बुधाजीनं विचारलं. "बाईमानूसच ना? मंग तिला पोरींचा विटाळ कधीपास्नं व्हायला लागला?"

बैठकीत मागून कोणीतरी हसलं. हसलं नसतं तर कदाचित निभावलं असतं. कोण हसलं ते आता सांगण्यात अर्थ नाही. परेशशेठचा चेहरा काळाठिक्कर पडला.

"शब्द मागं घे. देवळाच्या पायरीवर नाक घास."

"नाक घासायला शब्द खोटा पायजे, शेठ. खरा शब्द मागं घेऊन ठेवू कुठं?"

त्या एका वाक्यासाठी बुधाजीचं घर वाळीत पडलं. त्या घराशी बोलायचं नाही. त्यांना द्यायचं नाही, त्यांच्याकडून घ्यायचं नाही. जो बोलेल तोही त्याच ओळीत.

तुम्हाला वाटेल, बोलले नाहीत तर काय मोठंसं. बोलणं म्हणजे काय, ते बंद झाल्यावर कळतं. कमळ दळण घेऊन गेली की गिरणीची वीज जायची, फक्त तिच्यापुरती. ती वळली की पट्टा फिरायला लागायचा. दुकानदार तिला पाहून वजनं पुसायला घ्यायचा आणि ती जाईपर्यंत पुसत राहायचा. पाणवठ्यावर बायका तिच्या हंड्यातून आरपार पाहायच्या. हळदीची आमंत्रणं डाव्या घराला, उजव्या घराला. मधलं घर जणू खाडीत बुडालेलं. पालखीच्या दिवशी कमळ सारवून, रांगोळी काढून, ओटीचं ताट घेऊन उंबऱ्यात उभी राहायची. त्या दारासमोर आलं की बँडवाले तोंडातली पिपाणी काढायचे. पालखी मुकी होऊन पुढं जायची आणि चार पावलांवर पुन्हा वाजायला लागायची. कमळ ताट घेऊन आत वळायची. पुढच्या वर्षी पुन्हा उभी.

अंबाजीनं मिठागरातली जोडी मोडली. मोडावीच लागली, घरात चार माणसं होती. पण माणूस धड. रोज संध्याकाळी बुधाजीच्या ओट्यावरून जाताना तो मोठ्यानं खोकायचा. खोकण्याला गावकीनं बंदी घातली नव्हती.

शाळेत पीटीचे सर परगावचे. त्यांना गावकी ठाऊक नव्हती, त्यांनी प्राप्तीला संघात घेतलं. पंचांनी हरकत घेतली नाही. पोरींना घरीच ताकीद दिली. रचना तिची जिवाची मैत्रीण, एका बाकावर बसणारी. पहिल्या सामन्यात प्राप्ती मधोमध मोकळी उभी होती. रचनाकडे बॉल आला. प्राप्तीनं हाक मारली, "रचना, दे."

रचनानं तिच्याकडे पाहिलं, आणि बॉल सरळ मैदानाबाहेर मारला.

प्राप्तीनं त्या दिवशी सतरा वेळा हाक मारली. पुढच्या सामन्यात पाच वेळा. तिसऱ्या सामन्यात एकदाही नाही. मग तिनं दुसराच उद्योग सुरू केला. देत नाहीत ना, मग घ्यायचा. समोरच्या संघाकडून तर घ्यायचाच, वेळ पडली तर आपल्या पोरीच्या पायातूनही. कोणाचं बॉलवर अर्ध्या पळाचं दुर्लक्ष झालं की बॉल हिच्याकडे. एकदा तर तिनं रेफरीच्या तोंडातली शिट्टी काढून घेतली होती म्हणतात. तेवढं सोडून द्या.

सरांनी तिला पनवेलला निवडीसाठी नेलं, तिथून मुंबई, तिथून गोव्याच्या क्लबात. सतरा वर्षांची पोर, करार झाला. तिथली प्रशिक्षक मणिपूरची बाई होती, बुटकी आणि खमकी. महिनाभर तिनं प्राप्तीचा खेळ पाहिला आणि एक दिवस सराव थांबवला.

"तू अच्छा छीनती है," ती म्हणाली. "लेकिन माँगती क्यों नहीं? गूँगी है क्या?"

प्राप्ती काय सांगणार? आमच्याकडे मागून मिळत नाही, असं?

"मिडफिल्डर चुप रहेगी तो टीम अंधी हो जाएगी. आवाज दे."

आवाज येईना. खोलीत आरशासमोर उभं राहून ती "दे" म्हणायची, तर नुसते ओठ हलायचे. दोन महिन्यांनी एका साध्या सामन्यात, पावसानं मैदानाचा चिखल झालेला, तिच्या तोंडून ते निसटलं. "दे!" आणि मिझोरामच्या एका पोरीनं, जिला मराठीचं अक्षर कळत नव्हतं, बॉल सरळ तिच्या पायावर आणून घातला. प्राप्तीला तो अडवता आला नाही. हिसकावलेला बॉल कसा धरायचा ते तिला येत होतं. कोणी आपणहून दिलेला कसा घ्यायचा ते येत नव्हतं. बॉल पायाखालून निघून गेला आणि ती तिथंच उभी राहिली. बाईनं बाहेरून शिवी दिली. ती शिवी प्राप्तीला फार गोड लागली, असं ती पुढं मुलाखतीत सांगायची.

सात वर्षं खेळली. आठ नंबर, मग कर्णधार, मग देशाच्या शिबिरात. वर्तमानपत्रात फोटो आला, आणि आमच्या गावकीला एकाएकी आठवलं की ही पोर आपली आहे.

परेशशेठनं त्या पडीक कोंडीवर भराव टाकून टर्फ बांधलं. उद्घाटनाला गावच्या बायकांचा सामना शेजारच्या गावाशी, आणि आपल्याकडून प्राप्ती. हा फलक तेव्हाच लागला; तेव्हा अख्खा होता. फलक लागल्यावर कोणाच्या तरी ध्यानात आलं की ज्या घरची पोर वर लटकतेय, ते घर बारा वर्षं वाळीत आहे. बैठक बसली.

"खेळू द्या, पन पास द्यायचा का?" एकानं विचारलं. "पास देनं म्हंजे देनंच झालं."

"हातानं दिलेलं देनं. पायानं दिलेलं धरायचं न्हाय."

"आन् थ्रो-इन? तो हातानंच मारत्यात."

"थ्रो-इन तिच्या बाजूला मारायचा न्हाय."

"गोल केला तर मिठी मारत्यात त्या."

मिठीवर पंचांचं घोडं अडलं. शेवटी परेशशेठनं तोड काढली. उद्घाटनाच्या सकाळी बुधाजीनं देवळाच्या पायरीवर नाक घासायचं, शब्द मागं घ्यायचा. दुपारी सामना. संध्याकाळपासून सगळं गाव बोलायला मोकळं. निरोप पाठवायची पंचाईत होती, कारण बोलायला बंदी; म्हणून चिठ्ठी ओट्यावर दगडाखाली ठेवली.

प्राप्ती आदल्या दिवशी घरी आली तेव्हा बुधाजी ती चिठ्ठी मांडीवर घेऊन बसला होता. बारा वर्षांत माणूस निम्मा झाला होता.

"घासतो गं बाय," तो म्हणाला. "माझं नाक आता किती दिसांचं? तुझ्या आयशीला बारा वर्सांत कोनी 'जेवलीस का' असं इचारलं न्हाय."

कमळ शेंगा निवडत होती.

"आई, तुला काय पायजे?" प्राप्तीनं विचारलं.

"मला पालखी थांबाया पायजे," कमळ म्हणाली. हातातली शेंग तिनं मोडली. "पन ह्यांच्या नाकावरनं चालत येनार असंल तर नको."

प्राप्तीनं पिशवीतून एक कागद काढला. अशा बहिष्काराविरुद्ध आपल्या राज्यात कायदा आहे, तुम्हाला ठाऊक असेल. गावाला ठाऊक नव्हतं, किंवा ठाऊक असून नव्हतं. तक्रार अलिबागच्या वकीलबाईंनी लिहून दिली होती. पण त्या म्हणाल्या होत्या, चौकशीला माणसं आली की अख्खं गाव सांगेल, इथं तसलं काही नाही. गावातल्या एका तरी माणसानं लिहून द्यायला हवं, की हो, मला बोलू नको म्हणून सांगितलं होतं. एक सही. खालची तेवढी जागा मोकळी होती.

सकाळी पंच पायरीवर वाट पाहत बसले. बुधाजी आला नाही.

दुपारी टर्फवर गाव जमलं. मंडप, खुर्च्या, बेंजो. फलक लागलेला, पाहुणे आलेले. आता सामना रद्द करायची सोय नव्हती. परेशशेठ दात आवळून माइकवर गोड बोलला. प्राप्ती आठ नंबर घालून मैदानाच्या मधोमध गेली, बॉलवर पाय ठेवला आणि शिट्टी वाजली तरी पाय उचलला नाही. तिनं आवाज चढवला. तो आवाज आता मैदानाच्या चारी कोपऱ्यांत जाणारा होता.

"ह्या गावच्या पोरींना मी बारा वर्सांची असताना हाका मारल्या. कोनी बॉल दिला न्हाय. आज मी हाक मारनार न्हाय, तुमी मारा. ह्यो कागद हाय. गावकीनं आमाला वाळीत टाकलं, एवढंच त्यावर लिहून सही करायची हाय. ज्याला सही करायचीय त्यानं 'दे' म्हना. बॉल त्याच्याकडं येनार. कोनीच म्हनलं न्हाय, तर मी ह्या गावासाठी बॉलला पाय लावनार न्हाय."

बेंजो थांबला. रचना, आता दोन लेकरांची आई, बचावफळीत उभी होती; तिनं बुटाच्या नाडीकडे पाहिलं. गिरणीवाला, दुकानदार, पाणवठ्यावरच्या बायका, सगळे आपापल्या खुर्चीत आकसले. परेशशेठ प्रत्येकाच्या तोंडाकडे एकेक करून बघत होता. बंदरात जहाजाचा भोंगा वाजायचा, तोही त्या दिवशी वाजला नाही.

आणि मग, मंडळी, अंबाजी उठला. खुर्ची मागं पडली, त्यानं ती उचलली नाही. छाती काढून, परेशशेठच्या डोळ्याला डोळा देऊन तो ओरडला, "दे, बाय. हिकडं दे." प्राप्तीनं तो बॉल असा मारला, की थेट त्याच्या छातीवर येऊन विसावला, मांजराच्या पिलासारखा. अंबाजीनं कागद घेतला, झोकात सही केली, आणि त्याच्यामागं एक एक करून अख्खं गाव रांगेत…

"भावोजी."

बाकाच्या टोकाकडून आवाज आला. कमळनं टोपली मांडीवरून खाली ठेवली होती.

"तुमी खोकायचात, ते खरं. बॉल दुबईला गेला, तेबी चालंल. पन त्या दिशी कोनी 'दे' म्हनलं न्हाय. पोर माझी बॉलवर पाय ठिवून वीस मिनटं हुभी व्हती. मंग बॉल तिथंच ठिवून घरला आली. कागद ह्या टोपलीत हाय, शेंगांच्या खाली. रोज संगती घिऊन फिरते. सहीची जागा अजून मोकळी हाय. तुमी तिसऱ्या रांगेत बसला व्हता, अंबाजीभावोजी. त्या दिशी तुमी खोकलातबी न्हाय."