धुक्यात वाजलेला बाउरान

मित्रांनो, डफ तुम्ही पाहिला असेलच. मी त्याचाच लांबचा आयरिश नातेवाईक, एक म्हातारा बाउरान. आयर्लंडच्या वायव्येला स्लायगो नावाचे शहर आहे. त्याच्याजवळ समुद्रकाठी राहणाऱ्या मायकल नावाच्या सुताराने मला घडवले. त्याने लाकडाची पट्टी वाकवून गोल कडे केले. बकरीचे कातडे चुन्याच्या पाण्यात भिजवून ताणले आणि कड्यावर पितळी खिळ्यांनी ठोकले. ते वाळल्यावर त्याने माझ्यावर थाप मारली. मी घुमलो, आणि त्याची बायको ब्रीदा हातातले काम टाकून ऐकत राहिली.

मला केले ते एका सणासाठी. नाताळच्या दुसऱ्या दिवशी इथे रेनचा दिवस असतो. रेन म्हणजे मुठीत मावेल एवढा तपकिरी पक्षी. हा सण कसा सुरू झाला, हे नक्की कोणालाच ठाऊक नाही. काही जण म्हणतात, ऐन थंडीत सरत्या वर्षाला निरोप देण्याची ती फार जुनी रीत आहे. मुलांना मात्र दुसरी गोष्ट आवडते. फार पूर्वी आयरिश सैनिक शत्रूच्या छावणीवर दबक्या पावलांनी चालून जात होते. पहारेकऱ्यांना डुलकी लागली होती. तेवढ्यात एक रेन तिथल्या ढोलावर उतरला आणि त्यावर सांडलेले पावाचे कण टिपू लागला. टक, टक, टक. पहारेकरी जागे झाले आणि सैनिक मारले गेले. त्या रागाने लोक वर्षातून एकदा रेनची शिकार करू लागले, असे म्हणतात. मेलेला पक्षी काटेरी फांदीला बांधायचा, गव्हाच्या वाळल्या काडाचे मुखवटे घालायचे आणि गात-वाजवत दारोदार हिंडायचे. आता कोणी पक्षी मारत नाही. कापडाचा करतात.

कितीतरी वर्षे मी त्या मिरवणुकीच्या पुढे असे. मग मायकल वारला. ब्रीदाने मला शालीत गुंडाळले आणि जिन्याखालच्या प्रेसमध्ये ठेवले. कपाटाला इथे प्रेस म्हणतात. गावातली मिरवणूकही हळूहळू बंद पडली. अंधारात माझे कातडे सैल पडत गेले. आपले आयुष्य संपले, असेच मी धरून चाललो होतो.

मग शेजारी पुण्याचे एक कुटुंब राहायला आले. मेधा रुग्णालयात नर्स होती. तिचा नवरा उपेंद्र घरूनच कॉम्प्युटरवर काम करायचा. त्यांची मुलगी रेवती शाळेत रेनची गोष्ट ऐकून आली आणि ब्रीदाला प्रश्न विचारू लागली. उत्तर देता देता ब्रीदाने प्रेस उघडले. मेधाने मला हातात घेतले, मांडीवर टेकवले आणि बोटांनी हलका ठेका धरला.

"कुठे शिकलीस?" ब्रीदाने विचारले.

"पुण्यात ढोलपथकात होते. हे फारच हलकं आहे हो, तिथला ढोल कंबरेला बांधावा लागायचा."

गेल्या नाताळात गावाने मिरवणूक पुन्हा काढायची ठरवली. ओहोटी असताना वाळूतून चालत समोरच्या बेटावर जायचे, तिथल्या म्हाताऱ्यांच्या दारात गायचे आणि भरतीच्या आत परतायचे. हवेत ओल होती, म्हणून ब्रीदाने मला जाऊ दिले नाही. मी किनाऱ्यावर तिच्या गाडीत राहिलो. दुपारी मेधा ड्युटीवरून थेट तिथे आली. मंडळी परतली होती, पण त्यांत उपेंद्र आणि रेवती नव्हते. कापडाचा रेन बेटावर राहिला म्हणून ती दोघे मागे वळली होती.

आणि धुके उतरले. वाळूत वाट दाखवणारे दगडी खांब उभे आहेत. पाहता पाहता ते एकेक करून दिसेनासे झाले.

मेधाचा फोन वाजला. "मेधा, खांब दिसत नाहीयेत," उपेंद्र म्हणाला. "पाणी घोट्याच्या वर आलंय. किनारा कुठल्या बाजूला आहे तेच कळत नाही."

"रेवती?"

"खांद्यावर घेतलंय."

कोणीतरी तटरक्षकांना कळवले, पण बोट यायला वेळ लागणार होता. एकाने गाडीचा हॉर्न दाबून धरला. "हॉर्न तर सगळीकडूनच येतायत," उपेंद्र म्हणाला. खाडीच्या दोन्ही बाजूंच्या रस्त्यांवर गाड्या धुक्यात हॉर्न देत चालल्या होत्या. मग फोन बंद पडला. मेधाने परत परत लावला. लागेना.

तिने गाडीचे दार उघडून मला बाहेर ओढले आणि मला वाजवायच्या आखूड काठीने ठोका मारला. माझ्यातून नुसता भद्द आवाज निघाला. ओलीने माझे कातडे लोंबत होते. मित्रांनो, त्या क्षणी मला माझीच लाज वाटली.

"इकडे आण," ब्रीदा म्हणाली. तिने गाडीचा हीटर लावून मला त्यासमोर धरले. "सगळीकडून सारखा शेकायला हवा. घाई केलीस तर फाटेल."

मेधाचा हात माझ्या कड्यावरून हलत नव्हता. कातडे ताणले गेले तशी ती मला घेऊन थेट पाण्याच्या कडेला धावली. तीन ठोके आणि थोडी उसंत. पुन्हा तीन ठोके. मागे किनाऱ्यावरचा हॉर्न थांबला. उसंतीत पाणी वाळूवर सरकल्याचे ऐकू येई.

उत्तर आले नाही. पाणी मेधाच्या बुटांत शिरले. माझा आवाज बसू लागला, तशी ती अधिक जोराने मारू लागली. एका खिळ्याजवळ कातडे चिरल्याचे मला कळले. आणखी किती ठोके निघतील, ते मला सांगता येत नव्हते.

"आई, थांबू नको!"

आवाज डावीकडून आला होता, अगदी बारीक. मेधा थांबली नाही. ती तशीच पाण्यात शिरली, गुडघ्यापर्यंत, मला डोक्याच्या वर धरून वाजवत. मग धुक्यातून काडाचा एक भिजलेला मुखवटा दिसला, त्याच्याखाली रेवतीचे पाय आणि छातीइतक्या पाण्यात चालणारा उपेंद्र. मेधाच्या हातून काठी पडली ती कोणी शोधलीच नाही.

शालीत गुंडाळलेल्या रेवतीला ब्रीदा म्हणाली, "पक्षी दुसरा करता येतो गं. भरतीची वेळ आधी विचारायची, आणि ती झाली की कशासाठीही मागे वळायचं नाही."

माझी चीर सांधून झाली आहे. तरी आता मी जरा घोगरा वाजतो. मी कोणाच्या घरी राहायचे, यावर ब्रीदा आणि मेधा यांचे अजून एकमत नाही. तोवर मी कधी या घरात, कधी त्या घरात असतो. रेवती माझ्या कातड्याला तेल लावते आणि मला खिडकीपासून दूर ठेवते.

मित्रांनो, शालीत गुंडाळून ठेवले तेव्हा ब्रीदाने मला जपलेच होते. पण त्या जपण्याने मी मुका झालो होतो. तुमच्या घरातही एखादे वाद्य असे पडून असेल. त्याला बाहेर काढा, कोरड्या फडक्याने पुसा, आणि ज्याला वाजवता येते त्याच्या हातात द्या. त्याचा आवाज कोणाला कधी लागेल, हे आपल्याला आधी कळत नाही.