पहिल्या आठवड्यातला ब्रश

माझा भाऊ आणि मी जुळे. तो आधी आला, मी मागून, आणि घरात आजतागायत हाच क्रम चालत आलाय. त्याला सगळे राजा म्हणतात. मला लाडाचं नाव नाही. गरजच पडली नाही, कामाला हाक मारली की मी येतेच.

राजा उंदरांच्या मेंदूवर संशोधन करतो. मी वडिलांचं वर्कशॉप चालवते. दोन लेथ आहेत, एक ड्रिलिंग मशीन आहे आणि पंपांचे शाफ्ट बनवून घ्यायला लोक लांबून येतात. वडील गेल्यावर जागा आईच्या नावावर झाली आणि राजाने ती गोदामासाठी विकायला गिऱ्हाईक शोधून आणलं. मला कोणी विचारलं? छे. आईची सही तेवढी बाकी होती. राजासाहेबांना घरी यायला सवड नाही, म्हणून आम्हालाच प्रयोगशाळेत बोलावलं. आईला स्कूटरवर मीच नेलं. ती माझा खांदा कधी धरत नाही, मागचा दांडा धरून बसते.

"तिथे आवाज चढवू नकोस," वाटेत ती म्हणाली. "त्याची माणसं असतात."

खोलीत भिंतभर पिंजरे होते आणि भुशाचा नि मुताचा वास कोंडला होता. माझ्या वर्कशॉपमधल्या तेलाच्या वासाने आईचं डोकं दुखतं. इथे मात्र ती नाकाला रुमाल लावून कौतुकाने बघत होती. टेबलावरच्या डब्यात कापसात काही गुलाबी पिल्लं पडली होती, डोळेही न उघडलेली. राजा हातमोजे घालून, ओला ब्रश एकेकाच्या पोटाखाली फिरवत होता. शेजारी विक्रीचा कागद तयार.

"गंमत सांगतो, आई," तो म्हणाला. "पोटात दोन नरांच्या मधे वाढलेली मादी असते ना, तिच्यापर्यंत त्यांचं टेस्टोस्टेरॉन झिरपतं. मोठी झाली की ती जास्त भांडकुदळ निघते." आणि ब्रशाने माझ्याकडे दाखवलं. "हिच्या शेजारी मी होतो."

आई हसली. हा विनोद मी शाळेपासून ऐकतेय. मी कोणाचं नाक फोडलं, घरातला फ्यूज बदलला, लग्नाला नाही म्हटलं, सगळ्याचं श्रेय राजाला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"हे माणसांतही होतं, असं सिद्ध झालंय?"

"पक्कं नाही. पण नमुना समोर उभा आहे."

"आणि हा ब्रश कशाला?"

कामाचं विचारलं की राजा खुलतो. "हा आईच्या जिभेऐवजी. उंदरीण नर पिल्लांना जास्त चाटते. हार्मोनमुळे त्यांच्या मुताचा वास वेगळा येतो, तो तिला ओढतो. आणि त्या चाटण्यानेही मेंदू घडतो. सगळंच आतून येत नाही. माद्यांना असा ब्रश फिरवला तर त्याही नरांसारख्या दंगामस्ती करतात."

"म्हणजे काही फरक आईच पाडते."

"तिला कुठे कळत असतं? वास आला, चाटलं."

"आणि मोठेपणी ब्रश फिरवला तर?"

"काही उपयोग नाही. जे व्हायचं ते पहिल्या आठवड्यात. नंतर चोळत बसलात तर आपलेच हात दुखतील."

तो बोलत होता आणि आई त्याच्या कॉलरवरचा भुसा वेचत होती. आल्यापासून तिने त्याचा घाम पुसला होता, बटण लावलं होतं, जेवलास का हे दोनदा विचारलं होतं. एरवी मी मूग गिळून बसते. त्या दिवशी नाही बसले.

"ऐकलंस ना, आई? तुझा राजा जो झाला त्यात तुझ्या हाताचा वाटा आहे. मी झाले ती त्याशिवाय. आणि आता माझं वर्कशॉपही याच्याच शब्दावर जाणार."

आईचा हात कॉलरवर थांबला. "मी तुला काय कमी केलं?"

"लेथमध्ये माझं बोट सापडलं तेव्हा तू विचारलंस, मशीन बिघडलं का."

"हे घरी बोला," राजा म्हणाला. "सही कर, आई."

तिने पेन उघडलं. कागदावर टेकवलं. मग खाली ठेवलं आणि हात माझ्या खांद्यावर आणला. वर, खाली, पुन्हा वर. सवय नव्हती, कळत होतं. मला रडू आलं, आणि त्याचाही राग आला. मी खांदा काढून घेतला.

"तो हात राहू दे. त्याची वेळ गेली, तुझ्या राजानेच सांगितलं. वर्कशॉपची अजून गेलेली नाही."

आईने राजाकडे पाहिलं. "खरंच उपयोग होत नाही?"

तो खोटं बोलू शकला असता. पण हातात ब्रश होता, आणि कामाबाबत माझा भाऊ कधी खोटं बोलत नाही, हे कबूल करावंच लागेल.

"नाही," तो म्हणाला. "नंतर नाही."

आईने पेनाला टोपण लावलं आणि सही न करताच कागद त्याच्याकडे सरकवला. परत येताना ती स्कूटरवर मागचा दांडा धरूनच बसली.