उजवा कोपरा

प्राध्यापक शिवराज यांनी पोराला वाढवण्यात कसूर केली नव्हती. पोरच पाच फूट दोनवर थांबलं. मग त्यांनी गारखेड्यातल्या फ्लॅटचा हॉलच पोराच्या मापाने बेतला. मागे प्लायवूडची तिरकी भिंत घातली. डावा कोपरा लांब, उजवा जवळ, छत उजवीकडे उतरतं. समोरच्या एका खुर्चीतून मात्र सगळं काटकोनात दिसायचं.

“डोळ्याला फक्त कोन कळतो, अंतर नाही,” ते बायकोला, करुणाबाईंना, म्हणाले. “खोली चौकोनीच असणार, हे मेंदूने आधीच ठरवलेलं असतं. उजव्या कोपऱ्यात प्रणय सहा फुटी.”

“आणि लग्नानंतर? तिथंच उभा ठेवायचा का?”

असल्या किरकोळ शंका गणितात धरत नाहीत.

सोयगावच्या नानासाहेबांची श्रेया करुणाबाईंना सून म्हणून हवीच होती. त्यांनी भिंत चालवून घेतली. त्यात नानासाहेबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, एका डोळ्यावर पट्टी. एका डोळ्याने बघणारा माणूस जास्त पक्का फसतो. सरांना देव पावला. बाकीच्यांना भिंत तिरकी दिसणार होती, पण स्थळ ठरवताना बाकीच्यांना विचारतं कोण?

श्रेयाला आणि आईला घेऊन घर बघायला आलेले नानासाहेब नेमक्या खुर्चीत बसले. “पोरगं लई उंच हाये की!” मग डाव्या कोपऱ्यातल्या दिवाणावर बसलेल्या आईकडे, चंपाबाईंकडे, बघून कळवळले, “आई, लई खंगलीस गं तू.”

इथं सर गप्प राहते तर सुपारी फुटली असती. पण संस्कार आडवे आले.

“प्रणय, पाया पड. आधी आजींच्या.”

प्रणय उजवीकडून डावीकडे निघाला.

“अरं, अरं! पोरगं आटलं की!” नानासाहेबांनी उघडा डोळा चोळला. “त्या डॉक्टरनं चांगल्या डोळ्याचंबी वाटोळं केलं!”

करुणाबाईंनी सुटकेचा निःश्वास सोडला. पण आपल्या मेहनतीचं श्रेय डॉक्टरला जाणं सरांना सोसेना.

“छे! डोळा उत्तम आहे. हे समरूप त्रिकोण.” त्यांनी कौतुकाने भिंत वाजवून दाखवली. ती पोकळ वाजली.

“म्हंजे पोरगं नेमकं केवढं?”

“पाच फूट दोन,” श्रेया म्हणाली. “आम्ही कॅनॉटच्या बागेत भेटतो, बाबा. माझी काही तक्रार नव्हती.” मग ती प्रणयकडे वळली. “पण तू कशाला उभा राहिलास रे त्या कोपऱ्यात?”

प्रणयने वडिलांकडे पाहिलं. तिला उत्तर मिळालं.

पाहुणे चहा न घेता गेले. करुणाबाई रिकाम्या खुर्चीत बसल्या. डाव्या कोपऱ्यात सर पोराला समजावत होते: गणित बरोबरच होतं, त्याची चालायची दिशा चुकली. करुणाबाईंनी एक डोळा मिटून पाहिलं. सर इवलेसे दिसले.

मग त्यांनी तो डोळाही उघडला. फरक पडला नाही.